पाण्यातली मोकळी जागा

१३ जानेवारी, भोगी. माझ्यापुढे सूपभर पावटा सोलायला पडला होता. साल सांगत बसत नाही. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं आणि कागद त्याहून मिळत नव्हता, एवढं पुरे. अंगणात ऊन आलं होतं, आई आत बाजरीच्या भाकरीवर तीळ थापत होती, आणि ज्वारीच्या रानातल्या माळ्यावरून आत्याची पाखरं हाकलायची आरोळी येत होती. आत्याची आरोळी अशी होती की पाखरं तर उडायचीच, पण तळ्यापलीकडची बकऱ्या राखणारी पोरंही वर बघायची. दादांची मोट पहाटेपासून चालू होती. मोटेच्या चाकाची ती लांबलचक कुरकुर आमच्या घरात इतकी मुरलेली होती की ती थांबली की आम्ही माना वर करायचो. शेंगा सोलताना माझं अर्धं लक्ष मात्र घरात होतं. आत कणगीच्या झाकणावर, धूळ बसू नये म्हणून वरून उपरणं टांगून, माझं चित्र वाळत ठेवलेलं होतं. चित्र पाण्याचं होतं, आणि त्याच्यावर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं असं म्हटलं तर फुगवून सांगितल्यासारखं वाटेल. पण ते खरंच होतं.

आमची वस्ती श्रीगोंद्याच्या बाहेर, तळ्याच्या मावळतीच्या काठावर. तळं दुष्काळी कामावर बांधलेलं. आत्या तेव्हा परकरात होती आणि बांधाच्या दगडमातीची पाटी तिनंही डोक्यावर वाहिली होती, म्हणून ती तळ्याला ‘माझं तळं’ म्हणायची आणि त्याच्याबद्दल कुणी काही बोललेलं तिला चालत नसे. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली ती कायमचीच. आमच्या घरात दादांचा शब्द शेतात चालायचा आणि आत्याचा घरात. आई दोघांच्या मधून आपलं काम करत राहायची. आत्याचं सारवण पंचक्रोशीत माहीत होतं. शेण कुठल्या जनावराचं, माती कुठल्या बांधावरची, पाणी किती, हे सगळं तिचं ठरलेलं असे. हाताची चार बोटं फिरवून ती जमिनीवर अर्धगोलांच्या ओळी उठवायची, माशाच्या खवल्यांसारख्या, एकात एक अडकलेल्या. मला तिनंच सारवायला शिकवलं. शिकवलं म्हणजे, बोटभर जागा मोकळी राहिली की हातावर चापट मारायची आणि म्हणायची, “ही काय तुझ्या सासूला बसायला ठिवली का?”

मी सातवी झाले होते आणि गावच्या शाळेत लहान पोरींना अक्षरं गिरवून घ्यायला जात होते. नगरच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंग शाळेत आमच्या भागातल्या एका मुलीला घेणार होते. गणितात मी जेमतेम, व्याकरणात बरी. पण चित्रकला येणाऱ्या मुलीला आधी धरतील असं कळलं होतं, कारण मुलींच्या शाळांना चित्र शिकवणाऱ्या बाया मिळत नव्हत्या. तपासणीला एक बाई येणार होत्या आणि मुलींचं काम बघून तिथंच ठरवणार होत्या. त्या येणार होत्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. दादांनी मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. मोटेचे बैल सोडता सोडता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “जागा गावली तर जा, माझं काय न्हाई. न्हाई गावली तर कर्जतच्या पाव्हण्यांस्नी मी हो म्हनतो. लोकांना किती दिस टांगून ठिवायचं?” यात दादांचा जुलूम काही नव्हता. पाव्हणे चांगले होते, मुलगाही चांगला होता. पुढे त्याचं बरं चाललं असं मी ऐकलं. मला लग्न नको होतं असंही नाही. मला ते आत्ता नको होतं, आणि ‘आत्ता नको’ म्हणायला नगरच्या जागेशिवाय दुसरं कारण माझ्याजवळ नव्हतं.

चित्र शिकवलं शेख मास्तरांनी. ते मूळचे नगरचे, आमच्या शाळेत भूगोल आणि चित्रकला शिकवायचे. उंच, बारीक, काळी टोपी, आणि बोटांना कायम कसला तरी रंग. पोरांना ते माणसं, गाई, कोंबड्या सगळं काढायला शिकवत, पण स्वतः कधी जिवंत प्राणी काढत नसत. जाळीची नक्षी, पानं, घाट, डोंगर, पाणी, बस. एकदा एका पोरानं विचारलं, तर म्हणाले, “माझ्या अब्बांना आवडायचं नाही. ते गेले, पण सवय राहिली.” पाणी मात्र ते असं काढायचे की हात ओला होईल असं वाटावं. मागच्या तपासणीला याच बाई येऊन गेल्या होत्या आणि वर्गातली चित्रं बघून सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “मास्तर, तुमच्या मुलांनी तळं नाही काढलं, निळी भिंत काढलीय.” हे मास्तरांना लागलं होतं. म्हणून माझ्यासाठी विषय त्यांनीच ठरवला. सकाळचं तळं, आणि त्यावर चमचमणारं ऊन.

आता सांगते की चमचमणारं पाणी काढणं म्हणजे काय, कारण मी पुढे आयुष्यभर तेच शिकवत आले आणि प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी तीच चूक बघत आले. पोरं पाणी निळं रंगवतात आणि मग पेटीत पांढरा रंग शोधतात. मीही तेच केलं. आम्हा रांगोळी काढणाऱ्या पोरींना पांढरं म्हणजे सगळ्यात शेवटी, वरून टाकायची गोष्ट. सारवलेल्या जमिनीवर चिमटीतून पांढरं सोडायचं, की झालं. शाळेच्या पेटीत पांढरी वडी नव्हती, म्हणून मी आत्याच्या पानाच्या डबीतला चुना घेतला आणि निळ्या पाण्यावर त्याचे ठिपके दिले. दिसायला झकास दिसलं. मी ते रात्रभर जपून ठेवलं आणि सकाळी बघते तो प्रत्येक ठिपक्याभोवती निळा रंग जाऊन तिथं तपकिरी, गंजल्यासारखी कडा आलेली. वरचा चुना तर कागद वाकवला की टवके होऊन पडत होता. आईनं चुलीपुढून एकदा बघितलं आणि म्हणाली, “हळदीला चुना लावला की कुंकू हुतं, हे तुला म्हाईत न्हाई का? मग निळ्याला काय सोडंल व्हय तो?” मला माहीत होतं. पण स्वयंपाकघरातलं कागदावर लागू होतं हे सुचलं नव्हतं.

मास्तरांनी तो कागद बघितला, हसले नाहीत. म्हणाले, “शेवंता, पेटीत पांढरा शोधू नकोस. पांढरा तुझ्यासमोर आधीच आहे. कागद आहे ना तो? जिथं चमक हवी तिथं कागदाला हात लावायचा नाही. रंग लावणं कुणालाही येतं, न लावणं शिकावं लागतं.” मग त्यांनी मला सकाळी तळ्याकाठी उभं केलं. ऊन पलीकडून, उगवतीकडून यायचं. डोळे बारीक कर म्हणाले. बारीक केले तशी झाडं, बांध, बकऱ्या सगळं पुसलं गेलं आणि फक्त उजेडाचे तुकडे राहिले. ते सगळीकडे नव्हते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सूर्याखाली एक पट्टा होता, तेवढ्यातच होते. लांबचे बारीक आणि दाट, जवळचे मोठे, आडवे आणि विरळ. पट्ट्याच्या बाहेर पाणी चांगलंच काळपट होतं, आणि ते काळपट होतं म्हणूनच आतलं चमकत होतं. आतापर्यंत मी ते तळं रोज बघत होते आणि यातलं काहीच बघितलेलं नव्हतं. पण हे समजून हात वळतो असं नाही.

हात वळायला महिना गेला. खरखरीत कागद हवा, कुंचल्यात रंग अगदी थोडा हवा, फडक्यावर टिपून घेतलेला, आणि कुंचला आडवा धरून कागदावरून झटक्यात ओढायचा. मग रंग कागदाच्या उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत बसत नाही, आणि ते खळगे पांढरे राहून चमकतात. हळू ओढला तर रंग सगळीकडे भरतो. पुन्हा फिरवला तर मेलंच. आपल्या हाताला दुसऱ्यांदा फिरवायची फार खोड असते. मला तर सारवणामुळे जास्तच. मास्तर मागे उभे राहून “सोड, सोड, सोड” म्हणत राहायचे, जणू मी कुणाची शेपटी धरली होती. तसला जाड खरखरीत कागद लढाईच्या आधीचा एकच त्यांच्याजवळ उरला होता. त्याचे त्यांनी चार तुकडे केले. तीन मी वाया घालवले. चौथ्यावर, भोगीच्या आदल्या सकाळी, जमलं. मास्तरांनी ते हातभर लांब धरून बघितलं आणि म्हणाले, “आता याला कुणी हात लावू नका.” तेच ते कणगीवरचं चित्र. रंग वाळला होता, तरी मी ते आणखी एक दिवस तसंच राहू दिलं, कारण कागद थंडीत आतून दमट राहतो.

भोगीची भाजी झाली, पावटा, वांगं, गाजर, हरभरा, बोरं, सगळं एकत्र, वर तिळाचं कूट. भाकऱ्या फडक्यात बांधून मी दादांना रानात नेऊन दिल्या आणि तिथंच थांबून हुरडा भाजला, म्हणून परत यायला उशीर झाला. आत्या माझ्याआधी घरी आली होती. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो, आत्या वाढत होती, आणि तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली तेव्हा भाकरीच्या कडेला निळा डाग उमटलेला मला दिसला. मी आत्याच्या हाताकडे बघितलं. उजव्या हाताचं पहिलं बोट नखापर्यंत निळं.

“आत्या, बोटाला काय झालं?”

“काय हुतंय? तुझं काम अर्धं पडलं हुतं, ते पुरं केलं. त्या कागदावर समदी भोकंच भोकं. म्हनलं पोरीला येळ मिळाला नसंल. पेटीतला निळा भिजवून एकेक बोटानं टिपून भरून काढलं बघ. लई नाजूक काम, डोळं दुखलं.”

मी उठून आत गेले. आई कंदील घेऊन मागून आली. चित्रावर एकही पांढरा ठिपका उरला नव्हता. पट्ट्यातला प्रत्येक तुकडा, लांबचा बारीकसुद्धा, तिनं हळदीकुंकवासारखं बोट टेकवून भरलेला होता, आणि कुठंही रेघेबाहेर गेली नव्हती. निळी भिंत. आई म्हणाली, “अगं बाई.” आत्या दारात उभी होती. तिला आमच्या तोंडांवरून काहीतरी बिघडलंय हे कळलं, पण काय ते कळेना. ती म्हणाली, “का? पान्यात कुटं भोकं असत्यात व्हय? मी बांधलंय ते तळं, मला म्हाईत न्हाई?” मी ओरडणार होते. पण तिच्या चेहऱ्यावर इतकी शाबासकीची वाट होती की मी चित्रावरचं उपरणं नुसतं परत सोडलं. त्या रात्री मी जेवले नाही. दादांनी मोठ्यानं विचारलं, “काय झालं?” आणि आईनं हळू सांगितलं. मग दादा म्हणाले, “मंग आता?”

संक्रांतीच्या सकाळी मास्तर तिळगूळ घ्यायला आले. ते दर वर्षी येत, आणि आईच्या हातची गुळाची पोळी खाऊन जात. मी चित्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि आत्याकडे बघितलं नाही. त्यांनी ते उजेडात धरलं, तिरकं धरलं, बोटाच्या पाठीनं चाचपलं. मला वाटलं आता हे आत्याला बोलणार. ते आईला म्हणाले, “ताई, पोळी राहू द्या. तुमच्याकडे पातं आहे का, दाढीचं?” दादांचं दाढीचं पातं, ते एकच होतं आणि दादा ते काचेच्या पेल्यात घासून घासून पुरवत होते, ते मी आणून दिलं. मास्तर म्हणाले, “तू जे सोडलं होतंस ते झाकलं गेलंय, गेलेलं नाही. खाली कागद पांढराच आहे. पात्याचा फक्त कोपरा, आडवा, हलका. रंग खरवडून उडवायचा, कागद फाडायचा नाही. आणि थोडेच. सगळे परत काढायला जाऊ नकोस.” पहिला ठिपका त्यांनी काढून दाखवला नाही. हात मागे बांधून उभे राहिले.

मी दुपारपर्यंत ते करत बसले. पात्याचा कोपरा टेकवायचा आणि झटकायचा, की निळ्यातून बारीकसा पांढरा तुकडा उघडा पडायचा, आणि तो सोडलेल्या पांढऱ्यापेक्षाही जास्त लखलखायचा, कारण त्याच्या कडा धारदार होत्या. एका जागी पातं खोल गेलं आणि कागदाच्या पलीकडून उजेड आला. तो खड्डा झाकायला वर होडी काढायचा मोह झाला, पण मी तो तसाच ठेवला. आत्या चुलीपाशी तिळाचे लाडू वळत होती, म्हणजे वळत नव्हती. तिचा हात थांबलेला होता आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, “म्हंजे मोकळं ठिवायचं हुतं?” मी म्हणाले, “हो.” “मुद्दाम?” “हो, मुद्दाम.” यावर तिनं हातातला लाडू असा दाबून वळला की तो खायला दुसऱ्या दिवशी अडकित्ता लागला.

बाई आल्या त्या दिवशी किंक्रांत. घरात कुणाला ते आवडलं नव्हतं, कारण त्या दिवशी चांगल्या कामाला हात घालत नाहीत. पण सरकारी तपासणीला तिथी कोण सांगणार. शाळेची जमीन आम्ही मुलींनी चार दिवस आधीच सारवली होती, आणि ती चांगली खडखडीत वाळली होती. बाई पुण्याकडच्या, चष्मा, नऊवारी, पायात बूट. त्या कुणाशी वाईट बोलल्या नाहीत, पण चांगलंही बोलल्या नाहीत. माझं चित्र त्यांनी दारापाशी नेऊन बघितलं. अंगठ्यानं पांढऱ्यावर घासलं, चुना निघतो का ते बघायला. मग मास्तरांकडे वळल्या.

“हे खरवडून काढलंय.”

“होय.”

“हे शिकलेल्या हाताचं काम आहे, मास्तर. सातवी झालेल्या मुलीचं नाही.”

मास्तरांचे कान लाल झाले. ते म्हणाले, “तिचं आहे.” एवढंच. बाईंनी माझ्याकडे बघितलं. “असं? मग माझ्यासमोर पाणी काढ. पातं नको. मी इतर मुलींचं शिवण बघेपर्यंत.”

जाड कागद नव्हता. परीक्षेचा पातळ, गुळगुळीत कागद होता, त्याचे दोन ताव मला दिले. मी डेस्कवर बसले, कुंचला भिजवला, टिपला, आडवा धरला आणि ओढला. कागदाला खळगेच नव्हते. रंग सरळ पसरला, एकही कण पांढरा राहिला नाही. पहिला ताव गेला. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बोलणं त्यांना शक्य नव्हतं आणि ते बोललेही नसते. मला त्या क्षणी कर्जतचे पाव्हणे दिसले वगैरे काही नाही. मला एवढंच दिसलं की हे डेस्क फार गुळगुळीत आहे. आणि मग मी उठून जमिनीवर बसले.

बाई म्हणाल्या, “खाली का?”

“वर कागद घसरतो, बाई.”

मी दुसरा ताव सारवलेल्या जमिनीवर पसरला, हातानं चाचपून जागा बघितली, जिथं बोटांचे अर्धगोल चांगले उठलेले होते ती. कागद पातळ होता म्हणून खालचे उंचवटे वर लागत होते. आधी वरच्या बाजूला पलीकडचा काठ काढला, काळसर. मग कुंचल्यातला रंग पदरावर इतका टिपून घेतला की जवळजवळ कोरडा, आणि कागदावरून एकदाच ओढला. दुसऱ्यांदा हात फिरवला नाही. खालच्या अर्धगोलांच्या उंचवट्यांवर निळं बसलं आणि मधल्या खोबणी पांढऱ्या राहिल्या, आडव्या, एकामागे एक, लाटांसारख्या. मग पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ओला, गडद रंग भरला आणि मधल्या भागाला हात लावला नाही. कुंचला खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, कारण त्यांचा भरवसा नव्हता.

ते चित्र काही फार चांगलं नव्हतं. काठ वाकडा झाला होता, आणि लांबच्या लाटा जवळच्याइतक्याच मोठ्या आल्या होत्या, कारण जमिनीवरचे अर्धगोल सगळे सारखेच होते. बाईंनी ते उचललं, वाकून जमीन बघितली, हात फिरवून बघितला, पुन्हा कागद बघितला. मग पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. त्या म्हणाल्या, “काठ खराब आहे. लांबचं-जवळचं तुला अजून कळत नाही.” मी “हो” म्हटलं. “पण हे पाणी आहे,” त्या म्हणाल्या, आणि मास्तरांना, “जूनला हिला नगरला पाठवा. वडिलांना मी सांगून जाते.” मास्तरांनी टोपी काढून परत घातली. आमच्या भागात त्यांना टोपी काढताना कुणी कधी बघितलं नव्हतं. केस सगळे पांढरे होते.

मी बाहेर आले. निंबाखाली आत्या बसलेली. ती रान सोडून, पाखरांना ज्वारी मोकळी सोडून दोन मैल चालत आली होती आणि मुलांच्या पाण्याच्या माठाजवळ कुणाला तरी भेटायला आल्यासारखी बसली होती. मी सांगितलं, “जागा मिळाली.” तिनं पदरानं तोंड पुसलं, घाम नसताना. मग मी जमिनीचं सांगितलं, कागद खाली ठेवून कसं काढलं ते. तिनं सगळं ऐकून घेतलं, बारीक लक्ष देऊन, आणि म्हणाली, “मी शिकवलं तसंच सारवलं हुतं न्हवं? बोटं दाबून?” “हो.” “मंग बरं,” ती म्हणाली आणि उठली. “चल, पाखरांनी निम्मं रान खाल्लं आसंल.” वाटेत ती मधेच थांबून मला म्हणाली, “पर त्या कागदाचं आधीच सांगायचं, गं. मला काय सपान पडतंय?” तिचं बरोबर होतं. सांगायला हवं होतं. आजही मुलींनी घरी वाळत ठेवायच्या चित्रांवर मी एक चिठ्ठी लावायला लावते, ‘असेच ठेवायचे आहे’. आता घरोघरी फरशी आहे आणि बोटानं भरणारी माणसं उरली नाहीत. तरी लावायला लावते.

दादांना बाईंनी सांगितलं ते बांधावर उभं राहून. दादा म्हणाले, “बरं,” आणि बैलांना हाकारलं. संध्याकाळी मात्र त्यांनी मोट लवकर सोडली, आणि कर्जतला निरोप द्यायला कोण जाणार यावर आईशी हळू आवाजात बोलत बसले. त्यात राग नव्हता. उलट मला वाटलं, त्यांच्याही डोक्यावरचं काही उतरलं असावं, कारण त्यांनी आत्याला दोनदा गूळ मागितला. आईनं कालच्या उरलेल्या पोळ्या तव्यावर तूप सोडून गरम केल्या. मी तीन खाल्ल्या. आदल्या दोन दिवसांची भूक होती. नंतर भिंतीला टेकून बसले तशीच झोपले, आणि कुणी मला उचलून आत नेलं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा ऊन पार दारात आलं होतं. मला कुणी उठवलं नव्हतं. मी तोंड धुतलं, चहा घेतला, आणि माझी वाकळ उचलून तळ्यावर निघाले. आई म्हणाली, “आगं, जून कुटं आन् आता कुटं. नगरला न्यायाची वाकळ आत्तापास्नं धुतीस?” मी म्हणाले, “जाड आहे. वाळायला वेळ लागतो.” आणि तळ्यावर जाऊन मी ती धुवायला घेतली.